नायकाचं तू, विरोधकाचं मी

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. माझी तब्येत बरी आहे, गुडघा सोडून. तो माझं ऐकत नाही आणि मीही त्याचं ऐकणं सोडलं आहे. वरच्या मजल्यावरच्यांच्या न्हाणीघरातलं पाणी आपल्या स्वयंपाकघराच्या छतातून ठिबकतंय. प्लंबर येऊन गेला. बराच वेळ वर बघत उभा राहिला, "बघावं लागेल" म्हणाला आणि गेला. सध्या खाली बादली ठेवली आहे.

तुझ्या लेकीने परवा लेखन-शिबिरातलं तुझं भाषण मोबाइलवर पाठवलं. "आत्या, पप्पा किती छान बोललेत ऐक." ऐकलं. कथेतल्या संघर्षाचे प्रकार तू छान मांडलेस. माणूस विरुद्ध माणूस, विरुद्ध समाज, विरुद्ध निसर्ग आणि सगळ्यात अवघड म्हणजे माणूस विरुद्ध स्वतः. पोरं भराभर लिहून घेत होती. निसर्गाशी माझा संघर्ष बादलीत चालूच आहे, त्यामुळे तो भाग लगेच पटला. मग कोणीतरी विचारलं, तुमच्या कादंबऱ्यांतले विरोधक इतके जिवंत कसे वाटतात? तू म्हणालास, "ते माझी मोठी बहीण लिहिते. तिला त्यासाठी फार कष्ट पडत नाहीत."

सगळे हसले. तूही हसलास. मी तेवढाच तुकडा पुन्हा लावून ऐकला आणि भांडी घासायला घेतली.

रागावले नाही. म्हणजे रागावलेच, पण ते असो. निदान त्या पोरांना खरं काय ते तरी सांगायचंस. आपल्या पहिल्या कादंबरीतला दुष्ट मामा लिहायला तुझ्या वाट्याला होता. तुझा मामा तिसऱ्याच पानावर माफी मागून मोकळा झाला. वाईट वागायचं म्हटलं की तुला रडू यायचं, अगदी कागदावरही. म्हणून आपण अदलाबदल केली. तू खिडकीच्या बाजूला, मी ओट्याच्या बाजूला, मध्ये जेवणाचं टेबल आणि त्यावरून इकडून तिकडे सरकणारे कागद. नायकाचं बोलणं तू लिहायचं, विरोधकाचं मी. दुसऱ्याच्या पात्राचा शब्द खोडायचा नाही. फार तर विचारायचं, "हा असं का म्हणतो?" आणि ज्याचं पात्र त्याने उत्तर द्यायचं. शिबिरातल्या पोरांना हा नियम शिकवलास का? सगळ्या प्रकारांपेक्षा तोच उपयोगी आहे.

विरोधकाचं बोलणं लिहायचं म्हणजे समोरच्याचं दुखरं ठिकाण शोधत बसायचं. इतकी वर्षं तेच केल्यावर हात तिकडेच वळतो. आता दुकानदाराशीही मी सरळ बोलत नाही. आणि तुला मात्र सगळे म्हणतात, किती मऊ माणूस. असणारच. टेबलाच्या त्या बाजूला ऊन यायचं.

आता तुझ्या पाकिटाबद्दल. शेवटचं प्रकरण वाचलं. विसरभोळ्या म्हाताऱ्या बापाला मोठी बहीण घरात कोंडून ठेवते. धाकटा भाऊ येतो, दाराची कडी काढतो, बापाला उन्हात नेऊन उभं करतो आणि पुस्तक संपतं. बहिणीच्या बोलण्यासाठी तू जागा कोरी सोडली आहेस आणि सोबत चिठ्ठी: "ताई, तिने इथे चूक कबूल करावी, म्हणजे वाचकाचं मन निवळेल. प्रकाशक घाई करतोय."

हे पत्र लिहिताना मी या परिच्छेदाशी येऊन अडकले होते. मध्ये उठून बादली ओतून आले, ती अर्धीही भरली नव्हती.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण आपण दोघं हे कधी बोललोच नाही. आपले अण्णा ड्रायव्हरकीतून निवृत्त होऊन जमाना झाला होता, तरी उठले की ड्यूटीचा शर्ट मागायचे आणि बस काढायला डेपोकडे निघायचे. एकदा तर भर रस्त्यात उभे राहून गाड्यांना हात दाखवत होते. डॉक्टर म्हणाले, दार बंद ठेवा, दुसरा इलाज नाही. आपण दोघांनी मिळून ते ठरवलं. कडी तू आणलीस. "उंचावर लावू ताई, त्यांचा हात पोचणार नाही," असं म्हणून स्टुलावर चढून स्क्रू तूच पिळलेस. मग तू तुझ्या गावी गेलास आणि कडीबरोबर मी राहिले.

त्या रविवारी तू आलास. अण्णांनी तुझा हात धरला. "ही बाई मला कोंडून ठेवते." मी कोण हे ते तोवर विसरले होते. शेजारीणही घरात बसली होती. तू माझ्याकडे पाहिलंस. ती नजर मला ओळखीची आहे, नायकाचं वाक्य सुचलं की तू अशीच मान वर करतोस. "ताई, माणूस आहेत ते, गुरं नाहीत," असं म्हणून तू कडी काढलीस. मग तुझा फोन वाजला आणि तू गॅलरीत गेलास. मी त्यांच्यासाठी दूध गरम करत होते. ते जिन्यावरून पडल्याचा आवाज आपण दोघांनी एकदमच ऐकला.

हॉस्पिटलात ते तुझाच हात धरून होते. "या पोराने सोडवलं मला." आणि माझ्याकडे बघून तुला हळूच विचारलं, "ही इथेही आली का?" तू त्यांचा हात थोपटत राहिलास. एक वाक्य पुरलं असतं रे. अण्णा, कडी मीच लावली होती, एवढंच. मी त्याची वाट पाहत पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, ते गेले तोपर्यंत. मी स्वतः बोलले असते, तर ते विरोधकाचं बोलणं झालं असतं. नायकाचं तू बोलायचं होतंस.

तेव्हापासून मी तुझ्यावर चिडलेली आहे. हे आज पहिल्यांदा लिहून काढलं.

तर बहिणीचं बोलणं सोबत लिहून पाठवते आहे. एकच वाक्य आहे. तुझा नायक कडीला हात घालतो, तेव्हा ती म्हणते, "काढ. लावलीही तूच होतीस."

ती मान खाली घालणार नाही. नियम तुझ्या लक्षात असेलच, माझ्या पात्राचा शब्द तू खोडायचा नाहीस. ती असं का म्हणते, ते खुशाल विचार, मी सांगेन. पण आता बोलायची पाळी तुझ्या नायकाची आहे आणि ते मी लिहिणार नाही. तो बोलेपर्यंत पुस्तक छापायला जाणार नाही. प्रकाशकाला काय सांगायचं ते तू बघ, तुला लोकांशी गोड बोलता येतं.

कडी अजून तिथेच आहे. ती काढायची तर स्टुलावर चढावं लागेल आणि माझा गुडघा हा असा. पुढच्या वेळी येशील तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ये.

तुझी ताई,
आणि अण्णांची मुलगी