क्लीनरचा हात

मंगळवार, २६ नोव्हेंबर १९९६

ट्रकच्या लायसनच्या टेस्टमध्ये आज नापास झालो. डॉक्टरचा दाखला, कागद, सगळं बरोबर होतं. पुढं गाडी नीट चालवली. मग टेस्ट घेणारे आरटीओचे साहेब म्हणाले, "आता रिव्हर्स घ्या." आरशात बघायचं सोडून माझा हात खिडकीबाहेर गेला. दार बडवत मी ओरडलो, "येऊ द्या, येऊ द्या." गाडी खांबाला टेकली.

साहेबांनी विचारलं, "कुणाला सांगताय?"

गाडीमागं तर कुणीच नव्हतं. अकरा वर्षं शामरावकाकांच्या ट्रकवर क्लीनर हाय. मागं उभं राहून फाळका, म्हंजी ट्रकची मागची फळी, बडवत "येऊ द्या" ओरडायचं, तवा काका गाडी मागं घेतात. हातच तसा झालाय.

बायको म्हणाली, "परत द्या की टेस्ट." व्हय, देणार. हात विसरायला पायजे. पण उद्या सकाळी काकांच्या गाडीमागं त्योच हात लागणार हाय.