करवंटीतली पेज

आये, तुझ्याशी भांडायचं राहूनच गेलं. चौथीतून काढून मासळीची टोपली डोक्यावर दिलीस, तरी एवढं लिहिता येतं मला. ऐक.

नववीतली नात काल शाळेतून तोंड पाडून आली. पालघरहून बायका आल्या होत्या, वर्गात एचआयव्हीच्या प्रश्नांचे कागद वाटले. नाव घालायचं नाही, मनातलं खरं लिहायचं. सून भाकरी थापता थापता कडाडली, "शी! शाळेत हे शिकवतात?" "शिकवीत नाय गं आई, इचारतात." घरात कुणाला असेल तर त्याच्यासोबत जेवाल का, असं विचारलं होतं. पोरीनं 'नाही' लिहिलं. कागद गोळा झाल्यावर बायकांनी सांगितलं, एका ताटात जेवून तो होत नाही.

मग मी तिला तुझी गोष्ट सांगितली. माझा धाकटा भाऊ बोईसरच्या कंपनीतून हाच आजार आणि नुसती हाडं घेऊन घरी आला. तू त्याला घरामागं टाकलंस, बोंबील वाळतात तिथं. करवंटीत पेज घालायचीस आणि बांबूनं पुढे सरकवायचीस. तो हसला होता, "आये, मी काय कुत्रा हाय?" तू म्हणालीस, "कुत्र्याला ताटली देते मी." गावाला सांगितलंस कावीळ. खरं कळलं असतं तर आपल्या टोपलीतली मासळी कुणी घेतली नसती, आणि घरात खाणारी तोंडं होती. कळतं मला ते. पण तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू वाणगावच्या बाजारात पापलेटाचा भाव ओरडत बसलीस. सुतक नाही पाळलंस, गिऱ्हाईक पाळलंस.

सून म्हणाली, "मेलेल्या माणसाची लाज काढता काय तुमी?" म्हटलं, "जिवंतपणी असती तर आता काढावी लागली नसती." तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

पोर मात्र माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आजी, उद्या मला झाला तर जेवशील माझ्याबरोबर?"

"जेवीन की, मेले. तुझ्या ताटातलं तळलेलं आधी उचलीन."

ती हसली, पोटभर जेवली. तिला ते खरं वाटलं. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून तुला सांगते. 'जेवीन' म्हणायच्या आधी मी थांबले होते, आये. पोरीच्या ध्यानात आलं नाही.