शाई वाळू नये म्हणून

प्रिय नीलम,

हातानं लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस गं, आप्पा ठणठणीत आहेत. दुकानात कॉम्प्युटर असून पेन धरलंय, कारण टाइप केलं की सगळं तहसीलदारांना लिहिलेल्या अर्जासारखं वाटायला लागतं. फोनवर तू शाळेतून दमून आलेली असतेस, मी नुसती चेष्टामस्करी करतो, आणि सांगायचं ते राहून जातं.

बातमी अशी की आपला प्रिंटर गेला. तोच, शाईच्या टाक्यांचा रंगीत, पहिल्या दिवाळसणाला तू माझ्या मागं लागून घ्यायला लावलेला. सोमवारी त्यानं मान टाकली. दुरुस्तीपेक्षा नवीन परवडेल, म्हणाला मेकॅनिक. खानापुरात कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आणि त्यात प्रिंटर नाही, म्हणजे लग्नघरात नवराच नाही! मग काय, ज्याला त्याला तोंड फुटलं. आप्पा म्हणाले, लेझर घे, उताऱ्याला न् अर्जाला रंग कशाला लागतोय? त्यांचं खरंच आहे. लेझरचं पान स्वस्त पडतं, भराभर निघतं, आणि भिजलं तरी अक्षर पसरत नाही. आपल्या पावसात हे काही थोडं नव्हे. मागल्या जुलैत कणकुंबीहून आलेल्या माणसाचा अर्ज कचेरीच्या दारात पोचेपर्यंत निळा ओघळ झाला होता, आणि शिव्या मी खाल्ल्या. पण शेजारच्या रुक्माबाई ऐकून रडवेल्याच झाल्या. त्यांच्या नातवंडांची शाळेची चित्रं, फोटो, सगळं आपल्याकडंच छापलं जायचं ना. आणि आपल्या खिशाला झेपणारा लेझर म्हणजे नुसता काळा-पांढरा. मोर काळा छापणार काय रं तू, असं भर दुकानात विचारलं त्यांनी मला.

खरं सांगू? माझंही मन रंगीताकडंच होतं. लई जीव होता गं माझा त्या प्रिंटरवर. पण त्याचा एक हट्ट, रोज चालवायचा. नाही चालवला की शाई वाळून बसते. आपल्या श्रियाच्या तिसऱ्या वाढदिवसाला मी यादगीरला तुमच्याजवळ आठ दिवस राहिलो, आठवतंय? परत येऊन बघतो तर लाल रंग गायब. साफ करण्यात अर्धी बाटली गेली, आणि तोवर ज्याचे फोटो काढले तो कावीळ झाल्यागत हिरवा-पिवळा! तेव्हापासून मी तुमच्याकडं दोन दिवसांच्या वर राहिलोच नाही. रविवारीसुद्धा शटर अर्धं वर करून एक रंगीत पान काढायचो. कसलं पान विचारशील. बदलीच्या अर्जाला लावलेला तुझा पासपोर्ट फोटो. एका पानावर आठ नीलम. बदली काही झाली नाही, ड्रॉवर मात्र तुझ्यानं भरलाय. एकीलाही हसू नाही, सगळ्या माझ्याकडं दुकान का झाडलं नाहीस म्हणून बघतायत. तरी मी रोज एकदा ड्रॉवर उघडतो.

काल बेळगावला गेलो. प्रिंटरच्या दुकानातल्या स्वरूपनं दोन्ही प्रिंटर टेबलावर मांडले. मी रंगीतावर हात ठेवून उभा होतो. त्यानं सहज विचारलं, रोज वापरणार न्हवं? मध्ये बंद राहणार असेल तर लेझर न्या, त्यात शाई नसते, पूड असते, महिनाभर झाकून ठेवली तरी वाळत न्हाय. त्याला काय माहीत, तो काय बोलून गेला ते. माझ्या डोळ्यांसमोर परवाचा तुझा फोन आला. मे महिन्यात सर्वेक्षणाची ड्युटी लागली, सुट्टीला येता येणार नाही, असं तू किती साध्या आवाजात सांगितलंस. मीही बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही.

आणि एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. मागल्या खेपेला मी तुझ्या दारात चपला काढत होतो, तेव्हा श्रिया शेजारच्या पोरीला कन्नडमध्ये सांगत होती, आज खेळायला येत नाही, आमच्याकडं पाहुणे आलेत. मी हसलो गं तेव्हा. पण परतीच्या गाडीत बसल्यापासून तेवढंच ऐकू येतंय.

म्हणून मी लेझर घेतला. रुक्माबाई महिनाभर बोलणार नाहीत, चालेल. मे म्हणजे शाळेच्या दाखल्यांचा सीझन, तोही गेला तर गेला. आप्पा आधी तडकले, मग म्हणाले, जा बाबा, आणि येताना नातीला घेऊन ये. त्यांचं जेवणखाण आक्काकडं ठरवलंय. शनिवारी शटर ओढणार. तू ड्युटीवर जा, घर मी बघतो, भाकऱ्या मात्र वाकड्या होतील. श्रियाला सांगून ठेव, बाबा येतोय, आणि या खेपेला त्यानं परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझी वाट बघून कंटाळलेला, आता वाटेला लागलेला,
तुझाच,
नागेंद्र