बारा तारीख आणि मामा-भाचे

ठोंब्या, तुला लाज कशी ती नाही. माझ्या बैठकीच्या खोलीत अकरा माणसं घेऊन आलास, सगळ्यांनी मिळून छत्तीस कप चहा ढोसलात, सोफ्याची स्प्रिंग मोडलीत आणि एवढं करून ठरवलंत काय, तर माझं कपाळ!

असो. आधी भांडण झालं, आता आशीर्वाद घे. तुझी कंबर कशी आहे? टीव्हीवर सभात्याग करताना बरी दिसली, परत आत येताना वाकडी. तुझ्या बायकोला माझा नमस्कार, तिच्याशी माझं काही वाकडं नाही. मी इथे ठणठणीत आहे, गुडघा सोडून.

तर ऐक. तू विरोधी पक्षाचा नेता आणि माझा लेक सरकारचा प्रतोद (म्हणजे दुसऱ्यांना सभागृहात हजर ठेवायचं काम, स्वतः घरी कायम गैरहजर). अधिवेशन कधी घ्यायचं यावर तुम्ही मामा-भाचे महिनाभर कुत्र्या-मांजरासारखे भांडलात. तो म्हणे चार दिवस, तू म्हणे चौदा. तो म्हणे सकाळी अकरा, तू म्हणे दहा (तू, जो लहानपणी दहाला उठायचास!). तुझ्या दालनात तो येईना, त्याच्या दालनात तू जाईना, म्हणून कामकाज समितीची बैठक माझ्या घरी. मी एकाची बहीण, एकाची आई, म्हणजे कुणाचीच नाही असा तुमचा हिशेब.

मला त्यात एकच गोष्ट हवी होती. माझ्या नातीचं, चिमीचं लग्न नोंदणी कार्यालयात बारा तारखेला आहे. तिथल्या साहेबाने कागदावर लिहून दिलंय, ते हलत नाही. तेवढा एक दिवस सभागृहाला सुट्टी द्या, तिच्या बापाला येता येईल, एवढंच म्हटलं. आणि काय आश्चर्य! पाच तासांत तुम्ही दोघं पहिल्यांदा एकाच वेळी हो म्हणालात. भिंतीवरच्या माझ्या कॅलेंडरकडे बोट दाखवून लिहिलंत: सुट्टी, गुरुवार, बारा. सह्या ठोकल्यात. मला तर रडूच येणार होतं, पण चहा उतू जात होता.

ते कॅलेंडर गेल्या वर्षीचं निघालं रे! यंदा बारा तारखेला शुक्रवार आहे. अकरा शिकलेली माणसं, त्यात दोन वकील, एक प्राध्यापक, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. (माझी भिंत, माझं कॅलेंडर. मागचा पोपडा झाकायला टांगलंय. देशाचा कारभार त्यावर चालवा असं मी कुणाला म्हटलं नव्हतं.)

कागद छापून झाल्यावर तुमचं भांडण नव्याने पेटलं. लेक म्हणतो गुरुवार लिहिलाय, तर सुट्टी गुरुवारीच. तू म्हणतोस बारा लिहिलंय, तर सुट्टी बारालाच. तू बरोबर आहेस, आणि तेच तर वाईट झालं. तू बारा म्हणतोस म्हणून तो गुरुवार सोडत नाही. स्वतःच्या पोरीचं लग्न बुडतंय हे त्याला कळतंय, पण मामासमोर माघार नको. काल जेवताना चिमी ताटावरून उठली. बाबा नसतील तर मी सही करणार नाही म्हणाली. बाप नुसता डाळीत चमचा फिरवत बसला. मला ते बघवलं नाही.

म्हणून आता तू असं कर. उद्या सभागृहात उभा राहा, टेबलावर हात आपट आणि ओरड की सुट्टी गुरुवारीच पाहिजे, बारा तारीख हा लोकशाहीचा खून आहे. (खून हा शब्द वापरच, त्याशिवाय तो चिडत नाही.) तू गुरुवार म्हटलास की तो त्याच क्षणी बारा म्हणेल. मग तू सभात्याग कर आणि शुक्रवारी सरळ लग्नाला ये. साक्षीदार म्हणून तुझी सही लागणार आहे, पेन घरून आण, माझं गेल्या खेपेला नेलंस.

तुझी,
अक्का

ता. क. कॅलेंडर जुनं आहे हे दुसऱ्या चहाच्या वेळीच माझ्या लक्षात आलं होतं. पण तुम्ही दोघं तेव्हा एका बशीतली बिस्किटं खात होता. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. माझं तोंड उघडलंच नाही. हे लेकाला सांगशील तर याद राख.

ता. क. दुसरं. उत्तर तू द्यायचं नाहीस, तू त्यात दुरुस्त्या सुचवशील. उत्तर तुझ्या बायकोने द्यावं, एका शब्दात, आणि तो शब्द हो असावा.