सांडव्यावरून काढलेला फोटो

रवि., ३ फेब्रुवारी २०१३
आज पुन्हा आपटले. फोटो क्लबची यंदाची पहिली बैठक, नेहमीप्रमाणे औरंगपुऱ्यात, खानसाहेबांच्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या वरच्या खोलीत. माझा बसस्टँडचा फोटो लाकडी घोड्यावर, म्हणजे सरांच्या चित्रकलेच्या स्टँडवर, चढला आणि पाच मिनिटांत उतरला. पाठक सर म्हणाले, "काळा काळा नाही, पांढरा पांढरा नाही. पिठलं झालंय." पिठलं! चित्रकलेचे मास्तर होते, रिटायर झाले, पण समोरचा माणूस अजून सातवी ब मध्येच आहे असं वाटतं त्यांना.

नियम आपलेच. फोटो घोड्यावर असेपर्यंत काढणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. बाकीच्या आठही जणांचे हात वर आले तरच तो मे महिन्यातल्या प्रदर्शनात. एक हात जरी खाली राहिला तरी फोटो बगलेत मारून घरी. तीन वर्षं मी बगलेत मारूनच आणतेय. कंपनीत दिवसभर मी माल रिजेक्ट करते, रविवारी हे लोक मला करतात. फिट्टंफाट.

यंदा भिंतीला लावणारच. इथं लिहून ठेवते, म्हणजे मागं फिरायला नको.

शनि., ९ फेब्रु.
फर्स्ट शिफ्ट सुटली तशी स्कूटीवरून थेट गावी. चिकलठाण्याहून अर्धा तास. आधी रस्ताभर शेतं लागायची, आता प्लॉटिंगचे बोर्ड.

गावचा तलाव पार आटलाय. ह्यात मी पोहायला शिकले, बापाच्या, आबांच्या कमरेला धरून. आता तळाला भेगा, त्यात पाय जाईल एवढ्या. सांडव्यावर उभी राहिले. एका टोकाला म्हसोबाचा दगड, दुसऱ्या टोकाला नव्या बिल्डिंगा, आणि मध्ये काही म्हणजे काही नाही. आबा मेंढरं घेऊन त्या सगळ्यातून आडवे चालले होते. इवलेसे. हाक नाही मारली. रोलमधला शेवटचा फोटो होता.

मिळालंय. ह्या खेपेला मिळालंय.

बुध., १३ फेब्रु.
बाथरूमची डार्करूम केली. खानसाहेबांनी दिलेला एन्लार्जर बादलीवर फळी टाकून. विलास बाहेर खांद्यावर टॉवेल घेऊन उभा. "लग्नाआधी सांगायचं होतंस, घरात अंघोळीला बंदी राहील म्हणून." नवरा बोलतो फार, पण पाणी तोच भरतो.

पाण्याचीच खरी कटकट. एरवी सगळ्या रोलचा आधी एक छोटा नमुना कागद काढते, म्हणजे कुठला फोटो कसा आहे ते एका नजरेत कळतं. पण तो धुवायला आणखी दोन बादल्या. वगळला. निगेटिव्ह हातात घेतली आणि नेमका टँकरचा हॉर्न. तशीच स्टुलावर ठेवली, पाईप घेऊन पळाले. शेजारच्या काकूंशी थोडी बाचाबाचीही केली, ती करावीच लागते. परत येऊन निगेटिव्ह एन्लार्जरच्या चौकटीत बसवली, दिवा लावला.

ट्रेमध्ये आबा उमटले. आधी पागोटं, मग काठी, मग मेंढरं. रडले चक्क, लाल दिव्यात कोण बघतंय.

पण काहीतरी खटकतंय. काय ते कळेना. दमलेही आहे म्हणा. निगेटिव्ह चौकटीतच राहू दिली, आता तिला हात लावायचा नाही. धुतलेलं पाणी संडासाला.

रवि., १७ फेब्रु.
घोड्यावर चढला. पाच मिनिटांत उतरला नाही. असं ह्यापूर्वी कधी झालेलं नाही. सव्वा तास चर्चा!!

पाठक सर उठले. त्यांच्याकडे काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन असतात, ते फोटोवर सरकवत सरकवत नको ते झाकायचं. उजवीकडची सगळी जमीन झाकली, फक्त आबा, मेंढरं आणि बिल्डिंगा ठेवल्या. "नजर डावीकडून शिरते. शिरताक्षणी माणूस भेटतो. मग ही पाऊण फोटोभर जमीन कशाला? माणूस भेटल्यावर आपण रस्ता बघत बसतो का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दात आवळून.

एकटे खानसाहेब म्हणाले, "नक्को सर, नक्को काटो. पहिले जमीन, बाद में आदमी. कित्ता चलके आया बिचारा." पासपोर्ट फोटो काढण्यात उभा जन्म गेला त्यांचा, लोकांचे कान दिसतायत का बघण्यात. आणि एवढी मोकळी जमीन फक्त त्यांनाच आवडली.

हात: एक.

सोम., १८ फेब्रु.
कापणार नाही. त्या फोटोत जमीनच तर आहे. दुष्काळाचा फोटो म्हणून आबांचा चेहरा आणि भेगा कुणीही काढेल, मला ते चालणं हवंय. रागात आज कंपनीत पूर्ण पेटी रिजेक्ट केली. पेटी खरंच खराब होती, पण मजा आली.

रवि., १० मार्च
पाठक सर चूक आहेत हे सिद्ध करायचं म्हणून त्यांच्या मापाने कापलेली प्रिंटही काढली आणि दोन्ही नेल्या. झालं भलतंच.

कापलेली सगळ्यांना आवडली. सात हात. खानसाहेबांचा खाली. "ये तो कॅलेंडर हो गया बेटा."

न कापलेली: परत एकच हात, तोच.

सगळ्यात वाईट हे की मलाही आता शंका येतेय. पाठक सर म्हणतात तसंच होतं. आबांना बघून झालं की उजवीकडे नजर नुसती भटकते. सांडव्यावर उभी होते तेव्हा असं वाटलं नव्हतं. तेव्हा जमिनीनं धरून ठेवलं होतं मला. कागदावर येताना काय सांडलं?

शुक्र., २९ मार्च
काही नाही. टँकर नाही, फोटो नाही. एप्रिलच्या २१ तारखेला शेवटची निवड. विलास म्हणतो कापून टाक एकदाचा, भिंतीवर तर लागेल. दोन वेळा कात्री हातात घेतली. ठेवली.

मंगळ., ९ एप्रिल
थांब. नीट लिहिते.

आबा मेंढरांचं औषध घ्यायला शहरात आले होते, जेवायला घरी. फोटो दाखवला. एवढे दिवस दाखवला नव्हता, का ते माहीत नाही. त्यांनी हात धुतले, पुसले, कागद दोन्ही हातांनी धरला. लई वेळ.

"कुठलं हाय ह्ये?"
"आबा! आपला तलाव."
"आपला नाय ह्यो."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, मी स्वतः काढलाय, हे तुम्ही आहात. तर म्हणतात कसं, "कुठं उभी व्हतीस?" म्हटलं, सांडव्यावर. "सांडव्यावर उभं ऱ्हायलं की म्हसोबा डाव्या हाताला. बिल्डिंगा उजव्या. तू तर म्हसोबा उचलून पल्याड नेलास." मग बोट ठेवलं फोटोतल्या स्वतःवर. "आन ह्यो कोन? काठी डाव्या हातात? म्या काय डावरा हाय व्हय?"

मी भाकरी टाकून बाथरूममध्ये.

उलटी. निगेटिव्ह उलटी बसवलीये. मळकट बाजू कागदाकडे हवी, मी चकचकीत बाजू केली. टँकरच्या गडबडीत. फिल्मच्या काठावर आकडे असतात, ते उलटे दिसतात, तेवढंही बघितलं नाही. नमुना कागद काढला असता तर तिथंच कळलं असतं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडायचा पगार घेते मी!

आणि आठ लोक! दोन महिने! नजर डावीकडून शिरते म्हणे!

हसू आवरेना. आबा दारात येऊन म्हणाले, "सदरा उलटा घालतं मानूस, तसं झालं. त्यात काय एवढं हासायचं, माय?" आणि जाऊन उरलेली भाकरी खाल्ली, माझ्या ताटातलीसुद्धा.

बुध., १० एप्रिल
दोन घागरी शिल्लक. एकच प्रिंट निघेल, चुकून चालणार नाही. चुकली नाही.

डावीकडे म्हसोबा. मग जमीन, जमीन, जमीन. नजर चालत राहते, भेगा ओलांडत, आणि थकून टोकाला पोचते तेव्हा आबा भेटतात, काठी उजव्या हातात, फ्रेमच्या बाहेर निघालेले. हेच बघितलं होतं मी. ह्याचाच फोटो काढला होता. आई शप्पथ सांगते, इतका आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

रवि., १४ एप्रिल
जयंती. बैठक नाही. मिरवणुकीत दोन रोल संपवले. आता आठवडा काढायचा.

रवि., २१ एप्रिल
घोड्यावर चढवला. नियम मोडून आधीच तोंड उघडलं. सांगून टाकलं: मंडळी, दोन महिने तुम्ही उलटा फोटो बघत होतात, चूक माझी, पकडली माझ्या बापानं.

पाठक सरांचा चेहरा. तो फोटो काढायला हवा होता.

पण माणूस मोठा. काटकोन हातात घेतले, फोटोपाशी गेले, डावीकडून सरकवले, उजवीकडून सरकवले. मग दोन्ही खिशात घातले. "काही झाकता येत नाही," म्हणाले आणि हात वर केला. मग एकेक करत सगळे. सहा, सात.

आठवा नाही. खानसाहेब हात मांडीवर ठेवून बसलेले. ज्यांचा एकट्याचा हात आजवर वर होता, ते! "मेरेकू जमत नै. अब आदमी पहिले आ गया. पीछे खाली जमीन. अब काटो."

कुणालाच कळेना. मग ते स्वतःच फोटोवरून बोट फिरवायला लागले, उजवीकडून डावीकडे, उजवीकडून डावीकडे, आणि हसायलाच लागले. "अरे, मैं तो बचपन से उर्दू पढ़ताऊं! मेरी नजर इधरसे चलती." म्हणजे उलटा होता तेव्हा त्यांना सुलटा, आणि सुलटा झाला तेव्हा उलटा. पाठक सर मटकन खाली बसले. एवढी वर्षं लोकांना नजर डावीकडून शिरते म्हणून शिकवलं त्यांनी, आणि शेजारीच बसलेल्या माणसाची उजवीकडून शिरत होती.

कुणीतरी म्हणालं, मग पहिलाच लावू, खानसाहेबांचा हात आहेच, बाकीचे आम्ही करतो, बघणाऱ्याला काय कळतंय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगते, क्षणभर मोह झाला. तीन वर्षं आणि हा एक हात.

म्हटलं, नाही. तलाव असा नाहीये. असाच लावायचा, नाहीतर घरी नेते.

खानसाहेबांनी फोटोवरचं बोट काढलं. मग म्हणाले, "तेरे वालिद ने कागज देखके पहचाना?" म्हटलं, हौ. "एक नजर में?" हौ. "तो जमीन उनकी. मेरी आंख का क्या, मेरी आंख तो किदरसे भी चलती." आणि हात वर.

आठ!!!

जिना उतरताना दोन पायऱ्या चुकले. गुलमंडीपर्यंत स्कूटी ढकलतच नेली, चालवता येईना. विलासला फोनवर नीट सांगताही आलं नाही, त्याला वाटलं अपघात झाला.

शनि., ११ मे
प्रदर्शन. दारातून आत गेलं की समोरच्या भिंतीवर, मधोमध, माझा. खाली चिठ्ठी: 'सांडव्यावरून'. पाठक सरांनी स्वतः लेव्हल लावून टांगला. आठ वेळा जाऊन बघितला, वेगवेगळ्या बाजूने, जसं काही पहिल्यांदाच बघतेय.

आबा आले. धुतलेलं धोतर, नवं पागोटं, एवढ्या उन्हात एसटीनं. फोटोसमोर उभे राहिले. "आता आपला हाय," म्हणाले. मग मागं खुर्चीवर जाऊन बसले, फोटोकडे तोंड करून, राखणीला बसल्यासारखे. खानसाहेब शेजारी जाऊन बसले. दोघांचं मेंढीच्या किमतीवरून काहीतरी चाललं होतं, मराठी आणि दखनीत, दोघंही बहिरट, दोघंही खूश.

रवि., १२ मे
संध्याकाळी बंद व्हायच्या सुमारास एक जोडपं आलं. माझ्याच वयाचे. बाई एकदम ओरडली, "अहो, ही आपली बिल्डिंग! ती बघा, तिसरी!" दोघं फोटोला नाक लावून आपली गॅलरी शोधायला लागले. मग मला विचारलं, हा मिळेल का? हॉलमध्ये लावायचाय.

माझा फोटो. कुणाच्या तरी घरात. मी हो म्हणायला लागले होते.

नवरा म्हणाला, "फक्त जरा लांबट होतोय. आमची सोफ्यावरची भिंत लहान आहे. हा डावीकडचा रिकामा भाग काढून देता येईल का?"

पाठक सरांनी व्याख्यानासाठी घसा खाकरला. खानसाहेबांनी डोळे मिटले. पण त्यांच्या आधी खुर्चीवरून आबा उठले, काठी टेकत फोटोपाशी आले, आणि म्हसोबापासून बोट ठेवून हळूहळू सगळी जमीन ओलांडत स्वतःपर्यंत आणलं.

"रिकामा न्हाई, पाव्हनं. एवढं चालत आलोय म्या. तुम्ही भित वाढवा."

जोडपं आधी हसलं. मग हसायचं थांबलं आणि परत फोटोकडे बघायला लागलं, ह्या खेपेला डावीकडून. पत्रकाच्या मागं माझा नंबर लिहून घेतला. भिंतीचं माप घेऊन कळवतो म्हणाले.