अण्णा, सरांनी तुम्हाला बोलावलं होतं

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन परवा झालं. माणसं आली, जेवली, गेली. मी चहा दिला, भाड्याच्या खुर्च्या परत पाठवल्या. रडू काही आलं नाही. सगळे म्हणतात, शोभा खंबीर आहे. खंबीर कसली! आत काही हलतच नाहीये. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिलीय. राहिली म्हणजे मी सांगितली नाही. म्हणून आज लिहायला बसले.

गिरणी संपाचं पहिलं वर्ष आठवतंय ना? मी प्राचीन इतिहासात एम.ए. करत होते. सकाळी दवाखान्यात नोकरी, संध्याकाळी लेक्चर. माझ्याच पगारावर घर चाललेलं. सेमिनारसाठी लेण्यांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हवं होतं आणि फोर्टातली लायब्ररी ते घरी देईना. झेरॉक्सही नाही, पानं फाटतात म्हणून. तुम्ही म्हणालात, "मी बसतो की! नाहीतरी रिकामाच आहे."

सातवी शिकलेला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहणारा माणूस, डिलाईल रोडवरून रोज चालत लायब्ररीत! काउंटरवरच्या बाईंनी "मुलीसाठी ना? बसा," म्हणून आत घेतलं. इंग्रजी कळायचं नाही, पण अक्षर न् अक्षर उतरवायचात. घरी आलात की वही पुढे करायचात, "बघ गं, टिंबसुद्धा सोडलं नाही."

पण जरा जास्तच उतरवलंत हो! कुणा जुन्या वाचकाने समासात पेन्सिलीने स्वतःचं मत खरडलं होतं. तुम्ही तेही लिहिलंत. मी ते लेखकाचं समजून सेमिनारमध्ये अगदी ठणकावून वाचलं. सेमिनार लायब्ररीच्याच मागच्या खोलीत असायचा. सरांनी मूळ पुस्तक मागवलं, ते पान उघडून दाखवलं, आणि सगळा वर्ग हसला.

घरी येऊन मी वही तुमच्यासमोर आपटली. "डोकं गहाण ठेवून लिहिता का?" शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली. तुम्ही एवढंच म्हणालात, "पुस्तकात होतं गं ते. आपण कोण गाळणार?"

का नाही ओरडलात माझ्यावर? एक थोबाडीत द्यायची होती!

त्यानंतर तुम्ही पेन हातात धरलं नाहीत. रेशनचा फॉर्मसुद्धा माझ्याकडे सरकवायचात. "तू लिही, माझं चुकतं."

आता ऐका. त्या दिवशी वर्ग रिकामा झाल्यावर सरांनी तुमची वही पहिल्या पानापासून चाळली. म्हणाले, "हे उतरवणारा कोण? असाच माणूस मला हवाय. इथेच बसून शिलालेखांच्या नकला करायच्यात, दोन-तीन वर्षांचं काम आहे, पगार मिळेल. सोमवारी पाठवून दे." मी "विचारते" म्हणाले. आणि विचारलं नाही. पुढे त्यांनी पुन्हा विषय काढला, तेव्हा सांगितलं, ते गावी गेले.

हसणारी तीच पोरं तुम्हाला रोज तिथे बघणार, हा शोभाचा बाप म्हणून... मला लाज वाटली, अण्णा. तुमची.

तुम्हाला गिरणीने काही परत घेतलं नाही. शीवला एका बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिलात, पाय सुजून जोडे चढेनासे होईपर्यंत. आणि मी कॉलेजात शिकवायला लागल्यावर तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, माझी पोरगी प्राध्यापक आहे.

आई आता भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगते, "एवढं मोत्यासारखं अक्षर, पण ह्यांना कुणी कधी विचारलं नाही." मी बाजूला बसून मान हलवते. आज सकाळीही हलवली.

उद्या मावशी यायची आहे. आई तिलाही तेच सांगेल. तेव्हा मी म्हणणार आहे, "आई, विचारलं होतं. मीच सांगितलं नाही." मग ती बोलेल ते ऐकून घेईन. नाहीच बोलली माझ्याशी, तर तेही. शब्द देते तुम्हाला.

तुमची,
शोभा