चाकामागच्या चकत्यांचं कलम

लिहून ठेवणार: उभ्या जन्मात गाड्यांच्या ब्रेकशिवाय दुसरं काही न केलेला मी मेस्त्री, वय वर्षे एकाहत्तर. माझी प्रकृती बरी आहे, बुद्धी शाबूत आहे आणि हे मी स्वतःच्या अकलेने, स्वतःच्या हाताने, वकीलबाईंच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. बायको कधीची मागे लागली होती, पण त्याला कायद्यात जबरदस्ती म्हणत नाहीत असं वकीलबाई सांगतात.

कलम १. राहतं घर, भांड्याकुंड्यांसह, बायकोचं. ते तसंही तिचंच आहे, मी तिथे जेवायला आणि झोपायला जात होतो. तिच्या पश्चात मुलीला मिळावं. बँकेत जे असेल ते दोघींनी निम्मं निम्मं घ्यावं. मुलीने माझे तेलकट कामाचे कपडे एकदाचे फेकून द्यावेत, तिची फार दिवसांची इच्छा आहे.

कलम २. सगळी हत्यारं शेजारच्या पंक्चरवाल्याला. माझा मोठा पाना त्याच्याकडे आधीपासूनच आहे. मागून नेला आणि परत द्यायचं नाव नाही. तोही आता त्याचाच, मी मनातून काढून टाकला.

कलम ३. गॅरेज, जागा आणि लेथ मशीनसकट, धाकट्या भावाला. आम्ही दोघं वर्षभरापासून बोलत नाही, तेव्हा लोक म्हणतील म्हाताऱ्याला चळ लागला. म्हणून कारण लिहितो.

वडिलांची जुनी गाडी धाकट्याकडे आहे. त्याचं घर टेकडीवर, रस्ता असा उताराचा की खाली येईस्तोवर ब्रेक तापून धरेनासे होतात. पुतणीला दवाखान्यात नोकरी लागली, रोज तीच गाडी घेऊन ती उतरणार, म्हणून त्याने शर्यतीच्या गाड्यांना असतात तसले मोठे ब्रेक मागवले. मला न विचारता मागवले, हे नमूद करतो. बसवायला माझ्याकडे आणले तेव्हा मी खोकं उघडलं. डिस्क परातीएवढी. म्हटलं, ही या चाकांत बसायची नाही, चाकं मोठी घे. त्याला चाकं वडिलांचीच ठेवायची होती. तो म्हणाला, "दादा, निदान सख्ख्या भावाला तरी चाकं विकू नकोस."

हे मला फार झोंबलं. मी आजवर नको असलेली वस्तू कोणाच्या गळ्यात मारलेली नाही. एका डॉक्टरच्या मारली होती, त्याचं मी वर जाऊन बघून घेईन.

मग मी हट्टाला पेटलो. म्हटलं, याच चाकांत बसवून दाखवतो. बायकोने मळून ठेवलेल्या कणकेतला गोळा उचलला, डिस्क दाबून धरणारा जो जबडा असतो त्यावर थापला, चाक चढवलं आणि हाताने फिरवलं. उतरवून बघतो तर चाकाच्या आऱ्यांनी कणीक खरवडून नेलेली. चाक थोडं बाहेर सरकायला हवं होतं, म्हणून त्याच्या मागे लोखंडी चकत्या घातल्या. पुन्हा कणीक, पुन्हा फिरवलं. या वेळी गोळ्याला धक्कासुद्धा लागला नाही. मी आनंदाने बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, आता पोळ्या कशाच्या लाटू?

आता खरं लिहितो. चकतीमुळे चाक जेवढं बाहेर येतं, तेवढा बोल्ट नटला धरायला कमी उरतो. अशा वेळी लांब बोल्ट घालावेच लागतात. मी नट आवळले ते जेमतेम चार आट्यांवर धरले. लांब बोल्ट माझ्याकडे नव्हते, मागवायचे होते. पण तसं म्हटलं असतं तर तो पुन्हा म्हणाला असता, झालं, आता बोल्ट विक. म्हणून मी तोंड मिटून किल्ली त्याच्या हातात दिली. आठवड्याने नट पुन्हा आवळून घ्यायला येईल तेव्हा सांगू, असं मनाशी म्हटलं. जाता जाता आम्हा दोघांचं तोंड सुटलं, आणि तो परत आलाच नाही.

ब्रेक जितका जोरात लागतो तितका भार त्या नटांवर येतो. म्हणजे चांगले ब्रेक बसवून मी पोरीचा धोका वाढवून ठेवला.

एकदा ती गाडी बँकेबाहेर दिसली. नट किती धरलेत ते बघायला पाना घेऊन चाकापाशी उकिडवा बसलो, तर रखवालदाराने चोर समजून हुसकावलं. मी निमूट निघून आलो. खरं सांगण्यापेक्षा चोर ठरणं मला सोपं वाटलं, याची लाज वाटते. पंक्चरवाला सांगतो, धाकटा अजूनही गल्लीभर म्हणतो, "दादाचा स्वभाव कसाही असो, त्याच्या हातचं काम डोळे झाकून घ्यावं." हे ऐकलं आणि मी वकीलबाईंकडे आलो.

सबब गॅरेज त्याला. माझ्या पश्चात त्याने सर्वांत आधी लांब बोल्ट घालून घ्यावेत.

कलम ४. वरचं कलम वाचून वकीलबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर उघडतात. तोवर ती मुलगी गाडी चालवणारच ना?"

त्यांच्याच टेबलावरून मी धाकट्याला फोन लावला आणि सांगितलं, गाडी हलवू नका, चाक निघेल, चूक माझी आहे. तो म्हणाला, "ती निघालीये."

पोरगी फोन उचलेना. वकीलबाईंनी स्वतःची गाडी काढली. निम्म्या उतारावर पुतणी कडेला उभी दिसली. स्टिअरिंग थरथरायला लागलं म्हणून तिने गाडी बाजूला घेतली होती. पुढच्या चाकाचे दोन नट गायब, उरलेले मी बोटांनी फिरवले. पोरगी म्हणाली, "मोठेकाका, थरथर कालपासूनच होती. तुम्हालाच विचारणार होते, पण बाबा रागावतील म्हणून नाही विचारलं." मी तिथेच रस्त्यावर बसलो आणि रडलो.

धाकटा धापा टाकत उतरून आला. लेकीला जवळ घेतलं, मग चाक पाहिलं. वकीलबाईंनी त्याला कलम ३ वाचून दाखवलं. त्याने विचारलं, साक्षीदार कोण? त्या म्हणाल्या, मी आणि पंक्चरवाल्याच्या ओळखीचे एक जण. तुम्ही चालणार नाही, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीची सही केली तर त्याचा वाटा रद्द होतो.

त्याने पेन मागितलं. मी म्हटलं, अरे, गॅरेज जाईल तुझं. तो म्हणाला, "जाऊ दे. बोल्ट कधी घालतोस ते लिही."

लिहितो: आज. गाडी ओढून नेईन आणि बोल्ट बसेपर्यंत घरी जाणार नाही.

हे सर्व मी राजीखुशीने लिहिलं, बॉनेटवर कागद ठेवून दोघांच्या समोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: उताराच्या रस्त्याची कड
दिनांक: आजचा, मंगळवार, दुपार

सही: मेस्त्री

साक्षीदार १: वकीलबाई
साक्षीदार २: मेस्त्रींचा सख्खा धाकटा भाऊ. कलम ३ वाचून, समजून सही केली.